मुलांच्या महाभारतातली 'तात्पर्य'ची चौकट काढा

मुलांच्या पुस्तकात एकलव्य अंगठा कापून देतो आणि गोष्ट संपते. खाली चौकट असते : 'तात्पर्य – गुरूची आज्ञा पाळावी.' आदिपर्वात मात्र गोष्ट पुढे जाते. एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडून बघतो, पहिला वेग राहिलेला नसतो. आणि अर्जुनाच्या जिवाचा घोर मिटतो, तो खूश होतो. ज्याच्या बाजूने सगळी कथा चालली आहे त्या नायकाचा मत्सर व्यासांनी सरळ सांगून टाकला आहे. मग आपण तो कुणासाठी झाकतोय?

मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना महाभारत सांगते. एकलव्याची गोष्ट ऐकून चौथीतली एक मुलगी उसळून म्हणाली, "मावशी, द्रोणांनी त्याला शिकवलंच नव्हतं ना? मग गुरुदक्षिणा कसली?" शेजारचा मुलगा म्हणाला, "पण त्यांनी अर्जुनाला आधीच प्रॉमिस दिलं होतं." मग दिलेला शब्द मोठा की दुसऱ्याचं नुकसान, यावर दोघांची जुंपली. मी मधे पडले नाही. तात्पर्य आधीच सांगितलं असतं तर हे भांडण झालंच नसतं, आणि महाभारत सांगायचं ते अशाच भांडणांसाठी.

द्यूतसभेचंही तेच. लहानांच्या पुस्तकात वस्त्रहरण होतं, कृष्ण साड्या पुरवतो, पुढचं प्रकरण. त्याआधी द्रौपदीने निरोप्याला परत पाठवून विचारलेला प्रश्न गाळलेला असतो : युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न लख्ख कळतो. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, आणि उत्तर टाळतात. उभा राहतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो. मोठ्यांनी भरलेल्या सभेत एक धाकटा खरं बोलतो, आणि मुलांच्या पुस्तकातून नेमका तोच गायब!

उलट, जे नाही ते घुसडलेलं असतं. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य घ्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून, हजारावर हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. तीत हे वाक्य नाही. द्रौपदी हसली, अशी तक्रार दुर्योधन वडिलांकडे करतो, एवढंच. तरी पुस्तकामागून पुस्तक ते छापतं आणि एका बाईच्या टोमण्याने युद्ध पेटलं असं पोरांच्या मनात पक्कं बसतं. याची मला मनापासून चीड येते.

वयाप्रमाणे गाळावं लागतंच. दुःशासनाच्या रक्ताचं वर्णन मी पहिली-दुसरीतल्या पोरांना सांगत नाही. वंशावळी तर कुणालाच नको असतात. पण भीषण प्रसंग गाळणं वेगळं आणि अवघड प्रश्न गाळणं वेगळं.

सगळ्यात जास्त कात्री लागते शेवटाला. युद्ध संपल्यावरही स्त्रीपर्वापासून आठ पर्वं उरतात. मुलांच्या पुस्तकात ती राज्याभिषेकाच्या एका पानात उरकतात. गांधारी कृष्णाला शाप देते, यादव आपसात लढून मरतात, कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. आणि स्वर्गात पोचल्यावर त्याला आधी दिसतो कोण? थाटात बसलेला दुर्योधन! भावांचा पत्ताच नाही. तो चिडतो, भाऊ असतील तिथे न्या म्हणतो. नरकात त्यांचे आवाज ऐकू येतात तेव्हा तो ठरवतो, मी इथेच राहणार. हे ऐकताना आमच्या पोरांतलं एकही जागचं हललं नव्हतं.

ही आठ पर्वं दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी सोप्या, बोलत्या मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवीत. 'हे राजन्' नको आणि चौकट तर नकोच नको. कुणी लिहीत असेल तर कळवा, कच्चा खर्डाही चालेल. आमची पोरं वाचून सडेतोड मत देतील.