रंग पुन्हा मारायचा कुणी?

‘रंगाचे चार डबे आणि ट्रॅफिकचे कोन, एवढ्यात चौक सुधारतो’ हे चौक-रस्ते स्वस्तात आणि झटपट पादचाऱ्यांसाठी सुधारण्यावरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. सुधारतो, खोटं नाही. पण पहिल्या पावसापर्यंत. आमच्या चौकात उत्साही पोरांनी कोपरे रंगवून, जुन्या पिंपांत झाडं लावून पादचाऱ्यांसाठी जागा काढली होती. वळणावर रिक्षा खरंच हळू व्हायच्या. मग पाऊस आला, साध्या ऑइलपेंटवरून दुचाक्या घसरायला लागल्या. पिंपं पिचकाऱ्यांनी लाल झाली आणि गणपतीत मांडवासाठी हलवली ती परत जागेवर आलीच नाहीत. रंग पुन्हा मारायचा कुणी, हे आधी ठरलंच नव्हतं. खरा खर्च तिथे आहे, आणि लेखात नेमका तोच नाही.

लेखात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकाचं उदाहरणही अर्धवट दिलंय. २००९ मध्ये तिथला ब्रॉडवे रस्त्याचा तुकडा गाड्यांना बंद करून घडीच्या खुर्च्या टाकल्या, बरोबर. पण न्यूयॉर्कने टॅक्सींच्या जीपीएसवरून वेग तपासला, अपघातातल्या जखमींचे आकडे पाहिले आणि मगच २०१० मध्ये बदल कायम केला. आमच्याकडे पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. मी हौसेने जाते, मधोमध चालायला झकास वाटतं! १२ तारखेला पुन्हा तीच दुचाक्यांची भिंत. एका दिवसाऐवजी सलग तीन महिने करा, दुकानदारांच्या गल्ल्याची आधीची-नंतरची नोंद ठेवा, मग बोलू.