अडकलेल्या बटणावर तेलाचा फवारा नको

कीबोर्डचं बटण अडकलं तर काय करायचं, याचा एक संदेश सध्या खूप फिरतोय. बटणाच्या फटीत डब्ल्यूडी-40 हा तेलकट फवारा मारा. नाही जमलं तर अख्खा कीबोर्ड गरम पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने वाळवा. तरीही अडकलं तर फेकून द्या, कारण जुना कीबोर्ड दुरुस्त होत नाही. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या सल्ल्याने होतं. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालेलं द्रव. ते वाळलं तरी तेलकट थर मागे राहतो. त्यामुळे बटण काही दिवस झकास सरकतं आणि उपाय लागू पडला असं वाटतं. पुढे त्याच थरावर धूळ बसते, चिकटा तयार होतो आणि बटण पहिल्यापेक्षा घट्ट बसतं. आतल्या रबरालाही असं तेल सोसत नाही. शिवाय बटण बहुतेक वेळा सांडलेल्या गोड पेयामुळे अडकलेलं असतं, आणि साखर तेलात विरघळत नाही. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही (साफसफाईला वापरतात त्या, लवकर उडणाऱ्या द्रवात) नीट विरघळत नाही, ही गोष्ट अल्कोहोल सुचवणारेसुद्धा विसरतात. साखरेला पाणीच लागतं, पण थेंबभर.

म्हणून आधी संगणक बंद करून कीबोर्ड काढा. जुन्या गोल पिनच्या पीएस/2 कीबोर्डची वायर चालू संगणकातून ओढू नये. बटणाची टोपी दोन्ही बाजूंनी समान जोर लावून सरळ वर उचला. स्पेस, एंटर, शिफ्टखाली बहुधा एक तार असते. ती खोबणीतून सुटली तरी बटण तिरकं होऊन अडकतं, मग साफसफाईची गरजच नसते. टोपी कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. ती ज्या नळीत सरकते ती किंचित ओल्या इअरबडने पुसा, मग अल्कोहोलचा इअरबड फिरवा, म्हणजे उरलेला ओलावा लवकर उडतो. लॅपटॉपची बटणं मात्र अशी उपटू नका. त्यांच्या कात्रीसारख्या क्लिपा फार नाजूक असतात.

धुण्याचं म्हणाल तर, साध्या कीबोर्डात प्लास्टिकचे तीन पातळ पडदे एकावर एक असतात आणि वरच्या-खालच्या पडद्यावर विजेच्या वाटा छापलेल्या असतात. मध्ये शिरलेलं पाणी बाहेरच्या वाऱ्याने सहज निघत नाही, आणि ड्रायरच्या उष्णतेने ते पडदे वाकडे होतात.

आणि 'दुरुस्त होत नाही' म्हणजे नेमकं काय? बटण वर येतंय पण अक्षर उमटत नाही, किंवा एकच अक्षर सलग उमटतंय, तर दोष पडद्यात असू शकतो, आणि छापलेली वाट तुटली असेल तर दुरुस्ती खरंच किचकट आहे. पण दाबलेलं बटण वरच येत नसेल, तर दोष बहुतेक वेळा त्या नळीत किंवा तारेत असतो, आणि अर्ध्या तासात निघतो.