'परफेक्ट'ला मराठीत शब्द नाही म्हणे!

दोन दिवस झाले आमच्या तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, की परफेक्ट म्हणजे एकही चूक नसलेलं, मराठीत त्याला शब्दच नाही, आणि म्हणूनच मराठी माणूस 'चालतंय की' म्हणून मोकळा होतो. सोलापुरात राहून हे वाचून गप्प बसायचं म्हणजे अवघडच ओ.

एक तर अर्थच चुकलाय. परफेक्ट आलाय लॅटिनमधनं, 'पेरफिकेरे' म्हणजे काम शेवटापर्यंत नेणं, म्हणजे मुळात 'पुरं केलेलं', चूकबीक त्यात नंतर घुसली. शाळेतला परफेक्ट टेन्स आठवा, 'मी जेवलो आहे', आता भाजी आळणी होती का खारट त्याचं व्याकरणाला काय, जेवण उरकलं एवढंच. मराठीत त्याला पूर्ण वर्तमानकाळच म्हणतात की! आणि २५ हा पूर्ण वर्ग, तोच इंग्लिश मिडियमच्या पोरांचा परफेक्ट स्क्वेअर.

आता शब्द नाही म्हणे. अरे, ज्या गावचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्या गावात हा फॉरवर्ड फिरतोय! सिद्ध म्हणजे तडीला गेलेलं, तयार झालेलं. स्वयंपाक सिद्ध होतो, प्रमेय सिद्ध करतात, हात बसलेला माणूस सिद्धहस्त, आणि १२व्या शतकातल्या आपल्या संत सिद्धरामेश्वरांच्या नावातपण तेच, संक्रांतीला त्यांच्या गड्ड्याच्या जत्रेला जाताना रोज तोंडात असतं पण लक्षात कोण घेतो. बाकी सोनं बावनकशी, हिशोब चोख, नेम अचूक, माप तंतोतंत (यातला तंतू म्हणजे धागा, चादरीच्या गावाला मी काय सांगू). सगळीकडं चालेल असा एकच शब्द नाही हे खरंय, पण हिशोबाला बावनकशी म्हणून बघा, दुकानदार हसेल.

'चालतंय की'चं मात्र निम्मं मान्य. आमच्या बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा निघाला, पाणी जाळीऐवजी दाराकडं पळतंय, तर मिस्त्री हेच म्हणाला. पण तो त्याचा आळस, त्यात मराठीचा काय दोष?

आमची आज्जी कडक भाकरी करते. थंड झाली की एक मोडून बघते, कट्टकन आवाज आला की म्हणते 'जमली', मग कडेला करपल्याचा डाग का असंना.