आजोबांचा रेझर

वडिलांचं शेव्हिंग किट पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवलंय असं तुमच्या लेखात वाचलं, भावना कळतात हो, पण तो रेझर वापरा की राव! आमच्याकडे आजोबांचा जिलेट आहे, मुठीखालची कळ फिरवली की वरची दोन्ही झाकणं उघडतात तो, किंग जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं 1904 मध्ये आणि अजूनही आजची दुधारी ब्लेडं आमच्या त्या रेझरमध्ये मस्त बसतात. फक्त दाब द्यायचा नाही, वजनानेच चालू द्यायचा, नाहीतर तुरटी शोधत बसाल.

मुठीवरची नक्षी एका बाजूला पार गुळगुळीत झालीय, आजोबा डावखुरे होते ना. बाबा लहानपणी माझ्या गालाला फेस फासून ब्लेड काढलेला हाच रेझर फिरवायचे, मग मी दिवसभर रुबाबात.

आणि ते पॉलिश प्लीज थांबवा, आत पितळ असतं, वरचा निकेलचा मुलामा घासून निघाला की गेला. कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश बास. दाढीच्या ब्रशचे केस मात्र गळत असतील तर सरळ नवा घ्या, तोंडभर केस चिकटतात, तिथे इमोशनल व्हायचं काम नाही!