१५ टक्क्यांचा आकडा रुग्णालयाला लावू नका
सिझेरियनचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं की ते रुग्णालय संशयास्पद समजावं, हे मी वाचलेल्या एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. १०-१५ टक्के हा आकडा १९८५ चा, आणि तोही अख्ख्या लोकसंख्येचा विचार करून दिलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं की ठरावीक टक्का गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रिया मिळणं महत्त्वाचं. रुग्णालयांची तुलना करायचीच तर रॉब्सनच्या दहा गटांनुसार करा, म्हणजे पहिलं बाळंतपण आहे का, आधी सिझेरियन झालंय का, बाळ कसं आहे अशा गोष्टींवरून बाळंतिणींचे गट पाडून. गुंतागुंतीच्या केसेस जिथे पाठवल्या जातात तिथे प्रमाण जास्तच असणार ना!

माझ्या वेळी बाळाचे ठोके अचानक मंदावले, अर्ध्या तासात सिझेरियन झालं. 'नॉर्मल का नाही झाली?' हे मी पुढे कित्येक महिने ऐकलं. अशी विधानं वाचली की ते पुन्हा टोचतं.