खानावळीची वही

परवा शुक्रवारी वाचनालयातून निघायला उशीरच झाला. नायगावच्या नाक्यावर आमचा कट्टा केव्हाच भरला होता. लोकांच्या घरांतून आलेले जुने कागद मी वाचनालयात सांभाळतो, त्यामुळे माझ्या बोटांना जुन्या वह्यांची काळी धूळ तशीच होती. ती बघून बाळ्या म्हणाला, "बँकेतून सुटलास आणि आता ही फुकटची हमाली?"

बाळ्या बेस्टमध्ये कंडक्टर होता, युनियनचं काम आयुष्यभर केलेला. त्याचा मुद्दा साधा आहे. राज्यात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, सरकार अनुदान देतं, मग जुने कागद सांभाळायला पगारी माणूस नेमायला लावा. "तुम्ही पेन्शनवाले फुकट राबता, म्हणून त्यांना सांगता येतं की काम चाललंय. कुठल्या तरी पोराची नोकरी खाता तुम्ही."

हे मला लागलं, कारण ते खोटं नाही. ग्रंथपालाचं काम शिकलेल्या माणसाचं आहे आणि त्याला नीट पगार मिळायलाच हवा. पण आमच्या भागात आज काय चाललंय ते बघा. बीडीडीच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळात सरकारने बांधलेल्या चाळी शंभर वर्षांच्या झाल्या, वरळीला 121 इमारती आणि इथे नायगावला 42. आता पुनर्विकास सुरू आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीतली माणसं 500 फुटांच्या घरात जाणार, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खोली रिकामी करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. भाडेपावत्या, मंडळाची वर्गणीची पुस्तकं, भजनाच्या वह्या, गिरणीचे पास, सगळं रद्दीवाल्याच्या काट्यावर जातं. "पद मंजूर होईपर्यंत ट्रंक थांबणार आहे का?" मी विचारलं. बाळ्या गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे.

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांची शंका वेगळी. "गिरणगावाचा इतिहास काय हरवलाय? 1854 मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची सुरुवात केली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली, 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. 1982 चा संप तर आपण डोळ्यांनी बघितला. सगळं छापलेलं आहे. तुम्ही आणखी काय वाचवताय?"

मग मी त्यांना वहीबद्दल सांगितलं. महिन्यापूर्वी एका घरातून आमच्याकडे आलेली, लाल कापडी बांधणीची लांबट वही. परळच्या एका खानावळीची. एका माणसाला एक पान. वर नाव, खाली गाव आणि त्याखाली गिरणीतलं खातं: साचाखातं, त्रासन, कांडी. कणकवली, देवगड, संगमेश्वर, पाटण. रातपाळीवाल्यांच्या नावापुढे खानावळीच्या बाईंनी एक छोटं टिंब दिलंय, कारण त्यांचं ताट उशिरा लागायचं. दर महिन्याला पगाराच्या सुमाराला एकच शब्द, 'चुकते'. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. फेब्रुवारीच्या रकान्यात कुठेकुठे 'चुकते' आहे, मार्चपासून नुसती बाकी. तरी जेवणाच्या खुणा चालूच आहेत. पैसे येत नव्हते आणि ती बाई वाढत होती! पुढे एकेका पानावर 'गावी गेला' आणि त्यानंतर कोरं.

मास्तर चष्मा काढून पुसत बसले. "हे छापलेलं नाही," एवढंच म्हणाले.

मग गाडी पुढे गेली. माझं मत होतं की अख्खी वही नेटवर टाकावी. बांधणी उसवू नये म्हणून ती स्कॅनरवर दाबत नाही, खिडकीच्या उजेडात पान पान फोनने टिपतो. टाचण्या गंजून कागद खातात, त्या हलक्या हाताने काढतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नाही. फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलने. निम्मी पानं टिपून झाली आहेत, ती मी फोनवर दाखवायला काढली.

"थांबा," सुनंदाताई म्हणाल्या. भाजीची पिशवी घेऊन त्या कधीच्या उभ्या होत्या. "माझ्या वडिलांचं नाव असेल त्यात. साचाखातं, देवगड. बाकीदार म्हणून असेल."

कोणी काही बोलेना.

"आम्ही तेव्हा गावी होतो. ते परत आले ते रिकाम्या हाताने, आणि त्या बाईंचे पैसे राहिले हेच शेवटपर्यंत बोलायचे. आईने दोन उन्हाळे काजू विकले आणि मनिऑर्डर केली. सगळे फेडले. वहीत आहे का ते?"

नाही. वही 1983 मध्ये संपते. पुढची वही असलीच तर ती आमच्यापर्यंत आलेली नाही. म्हणजे मी ती तशीच नेटवर टाकली असती, तर देवगडचा एक प्रामाणिक माणूस कायमचा बाकीदार राहिला असता. हे मला आतवर टोचलं. कागद कपाटात ठेवले तर काही वर्षं टिकतील, पण त्या पानापुढे काय झालं हे सांगणारी माणसं आता सत्तरीकडे झुकलीत. ती असताना विचारून घेणं, हेच आधी करायचं काम आहे. त्याला पदवी लागत नाही. तिथलं असावं लागतं, आणि दुपार मोकळी असावी लागते.

वही नेटवर टाकायची नाही असं ठरलं. वाचनालयात बसून बघता येईल, आणि नावं घरच्यांना विचारूनच दाखवायची. मास्तरांना हे फार कडक वाटतं. त्यांच्या मते नावाशिवाय इतिहास म्हणजे नुसता आकडा. यावर अजून भांडण बाकी आहे.

बाळ्या मागे हटलेला नाही. पगारी पदाच्या मागणीचा अर्ज तो स्वतः लिहिणार आहे आणि त्यावर पहिली सही माझी घेणार आहे. मी आनंदाने करणार. वर म्हणाला, "आणि तोवर रेकॉर्डिंगला कोणी हवं असेल तर सांग. मला माणसांना बोलतं करता येतं."

सुनंदाताई मंगळवारी अकरा वाजता येणार आहेत. काल वाचनालयात जाऊन मी त्यांच्या वडिलांचं पान शोधून ठेवलं. नावापुढे रातपाळीचं टिंब आहे.