सही नंतर, आधी एमआरआय

आमच्या आजोळच्या ग्रुपवर सध्या गुड मॉर्निंगची फुलं बंद आहेत, कारण सगळे वकील झालेत. झालं असं की मावसभावाला ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलपाशी एका कारने मागून ठोकलं, स्कूटर आडवी, हा सरळ गुडघ्यावर. एक्सरेत हाड ठीक, डॉक्टरांनी पट्टा बांधून घरी पाठवलं. कारवाले गृहस्थ तसे सज्जन निघाले, पळून गेले नाहीत, हॉस्पिटलला स्वतः घेऊन गेले, पहिलं बिलही भरलं. मग घरी आले आणि म्हणाले स्कूटरचा खर्च देतो, वर चाळीस हजार देतो, फक्त या स्टॅम्प पेपरवर सही करा. पेपरचा फोटो वहिनीने ग्रुपवर टाकलाय. त्यात लिहिलंय, माझी गाडीमालक, चालक आणि त्यांची विमा कंपनी यांच्याविरुद्ध कुठलीही तक्रार नाही व भविष्यात कोणत्याही कारणाने करणार नाही, सदर रक्कम फुल अँड फायनल. खाली दोन साक्षीदारांच्या रिकाम्या जागा, त्यातली एक मामाने मनातल्या मनात भरून टाकलेली.

मामाचं म्हणणं, घे आणि मोकळा हो, माणूस चांगला आहे म्हणून देतोय तरी. वहिनीचं म्हणणं, सूज उतरलेली नाही, जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा होतो, सही कसली करताय. आणि नेरूळचा भाचा, जो प्रत्येक गोष्टीवर एक पीडीएफ टाकतो, त्याने जाहीर केलं की बिनधास्त सही करा, पैसे घ्या, नंतर कोर्टात जाता येतं, आयआरडीएचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, सर्क्युलर आहे. मग सगळ्यांनी मला टॅग केलं, ताई तू सांग, तुमच्या इंग्लंडमध्ये काय करतात, कारण मी रेडिंगला मोटार क्लेमच्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि घरच्यांच्या हिशोबात ते म्हणजे वकिलीच.

तर आधी भाच्याचं. त्याचं सर्क्युलर खरं आहे, २४ सप्टेंबर २०१५ चं. त्यात विमा कंपन्यांना सांगितलंय की क्लेमची रक्कम ठरली असेल तर डिस्चार्ज व्हाउचरसाठी (पैसे मिळाले, हिशोब मिटला असं लिहून देण्याच्या कागदासाठी) पैसे अडवून धरू नका, आणि व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागायला कोर्टात जाण्याचा पॉलिसीधारकाचा हक्क जात नाही. पण हे पॉलिसीधारक आणि त्याची स्वतःची कंपनी यांच्यातलं प्रकरण झालं. म्हणजे भावाने स्वतःच्या अपघात विम्याचा क्लेम केला असता तर ते कामाला आलं असतं. इथे समोर आहे दुसऱ्या गाडीचा मालक आणि त्याने टाइप करून आणलेला कागद, त्याला हे सर्क्युलर लावून काय होणार.

आणि व्हाउचरच्या बाबतीतही बिनधास्त हा शब्द फार मोठा आहे. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये बोघारा पॉलिफॅबच्या केसमध्ये म्हटलं की दबावाखाली किंवा फसवून घेतलेल्या फुल अँड फायनलला अंतिम मानता येत नाही, हे सगळे आनंदाने सांगतात. २०१४ ला जीनस पॉवरच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की नुसतं जबरदस्ती झाली म्हणून भागत नाही, काहीतरी ठोस दाखवावं लागतं, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. घरी येऊन, चहा पिऊन, प्रेमाने चाळीस हजार देणाऱ्या माणसाने जबरदस्ती केली हे भाऊ कुठल्या तोंडाने सांगणार?

आता स्टॅम्प पेपर. असा कागद मोटार अपघात ट्रायब्युनलसमोर, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टासमोर, आला की दार आपोआप बंद होतं असं नाही आणि तो कचऱ्यात जातो असंही नाही. पैसे खरंच मिळाले का, कशाकशाचे मिळाले, सही करताना दुखापत किती आहे हे माहीत होतं का, हे सगळं उकरलं जातं. पण मला विचाराल तर मांडवलीत खरं नुकसान सहीने होतच नाही, ते होतं पुरावा न राहिल्याने. आपसात मिटलं म्हणून एफआयआर नाही, पंचनामा नाही, सिग्नलवरचं सीसीटीव्ही कुणी मागितलं नाही, कारचा नंबर भावाच्या फोनमध्ये आहे तेवढाच. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघात कळल्यावर ४८ तासांत पहिला अहवाल ट्रायब्युनलला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, पण पोलिसांना कळलंच नाही तर पाठवणार काय. हक्क शिल्लक आणि दाखवायला काही नाही, मग त्या हक्काचं लोणचं घालायचं का.

आता इंग्लंड. इथे सहीला किंमत आहे, आणि ती निर्दय किंमत आहे. एकदा फुल अँड फायनल म्हणून मान्य केलं की नंतर पाठ धरली, गुडघा गेला, काही झालं तरी ते प्रकरण बंद. फसवणूक वगैरे सिद्ध केली तर गोष्ट वेगळी, पण ती क्वचित. अमेरिकेत जवळपास हेच. माझी वन्सं कॅलिफोर्नियात आहे, तिथे तर गंमत म्हणजे सिव्हिल कोडचं १५४२ वं कलम स्वच्छ सांगतं की सही करताना जी गोष्ट माहीत नव्हती ती अशा रिलीजमध्ये, म्हणजे हक्क सोडल्याच्या कागदात, येत नाही, आणि म्हणून तिथल्या रिलीजच्या कागदावर एक ओळ छापलेलीच असते की १५४२ चा फायदा मी सोडून देतो. कायद्याने दिलेलं कंपनीने दोन ओळींत काढून घेतलं. फक्त गाडीच्या डेंटचा कागद आणि अंगाच्या दुखापतीचा कागद तिथे वेगवेगळे असतात, डेंटच्या कागदावर सही करून लोक निर्धास्त राहतात आणि त्यातच खाली बारीक अक्षरात ऑल क्लेम्स असेल तर अडकतात.

मात्र इंग्लंडने एक शहाणपणा केलाय जो आपल्याकडे यावा असं मला मनापासून वाटतं. मागून गाडी ठोकली की मान लचकते, त्याला इथे व्हिपलॅश म्हणतात, आणि त्याचे क्लेम इतके यायचे की कंपन्या फोनवरच पाचशे पौंड घ्या आणि मिटवा म्हणायच्या, डॉक्टरने बघायच्या आधीच. २०१८ च्या सिव्हिल लायबिलिटी ॲक्टने हे बंद केलं, ३१ मे २०२१ पासून मेडिकल रिपोर्टशिवाय व्हिपलॅशची ऑफर देणंही नियमबाह्य आणि मागणंही. आमच्या ऑफिसातल्या एकीला राउंडअबाउटवर ठोकलं तेव्हा मी हे जवळून बघितलं. तिला घाई होती, पैसे हवे होते, पण रिपोर्ट येईपर्यंत कंपनी आकडा बोलायलाच तयार नाही. रिपोर्टमध्ये डॉक्टरने लिहिलं बरं व्हायला अमुक महिने लागतील, मगच बोलणी. (आता भरपाई किती, तर त्याच कायद्याने दर बांधून टाकलेत, २०२१ ला तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड आणि दोन वर्षांपर्यंतच्या दुखण्याला ४,२१५, २०२५ मध्ये थोडे वाढले. तेव्हा इंग्लंडमध्ये मान दुखली की लॉटरी लागते असं समजणाऱ्या मामाने हे वाक्य परत वाचावं.) आणि हा नियम मान, पाठ, खांद्याच्या लचकेपुरताच, गुडघ्याला इथेही तसं संरक्षण नाही, तिथे वकिलाने किंवा स्वतःच्या अकलेने थांबायचं.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. १९८१ च्या सीनियर कोर्ट्स ॲक्टमध्ये ३२अ कलम आहे, प्रोव्हिजनल डॅमेजेस. समजा डोक्याला मार लागलाय आणि डॉक्टर म्हणतायत पुढे फिट्स येऊ शकतात, तर कोर्ट आज एक रक्कम देतं आणि लिहून ठेवतं की अमुक आजार उद्भवला तर परत या. सगळ्या दुखापतींना मिळत नाही, गंभीर आजार किंवा गंभीर बिघाडाची शक्यता लागते, कोर्टाचा आदेश लागतो, कंपन्यांना अजिबात आवडत नाही. पण परत येण्याचं दार कायद्यात आहे.

आपल्याकडे ते दार नाहीये, आणि हे ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग, डिसेंबर २००२, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोटार वाहन कायद्यात एकदा अंतिम अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल, झाल्यावर पुन्हा अवॉर्ड द्यायची सोय नाही, म्हणून पुढचा उपचारखर्च पहिल्याच वेळी धरा. त्यात भर म्हणून त्याच कायद्याचं कलम १४९, म्हणजे आता विमा कंपनीचा अधिकारी ऑफर देतो, तुम्ही हो म्हटलं की ट्रायब्युनल ती संमतीची तडजोड म्हणून नोंदवतं. लोक अदालतीत मिटवलं तर तो अवॉर्ड अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणजे आपण ज्या कागदाला घाबरतो तो स्टॅम्प पेपर त्यातल्या त्यात कच्चा, आणि कोर्टनाक्यावर लोक अदालतीच्या दिवशी, सगळे खुश, फोटोबिटो, तिथे जी सही होते ती खरी पक्की. तिथे गुडघ्याच्या ऑपरेशनचा आकडा धरला नसेल तर पुढच्या वर्षी ऑपरेशन घरच्या पैशातून.

म्हणून मला घरचा वाद मुळातच चुकीच्या ठिकाणी चाललाय असं वाटतं. सही केली तर हक्क जातो का, यापेक्षा सही करायच्या वेळी दुखापत कळलेली आहे का हे विचारा. गुडघ्याचं तर सरळ आहे, एक्सरेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. सूज उतरली, माणूस चालायला लागला, आणि गुडघा सटकतोय, की डॉक्टर एमआरआय सांगतात आणि तेव्हा कळतं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट, फाटलंय. वहिनी जिन्याचं जे सांगतेय ते मला चाळीस हजारांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

मामाने यावर लिहिलं, तुम्ही तिकडे बसून सल्ले द्या, इथे तारखा कोण घेणार, दर तारखेला याचा खाडा पडणार. बरोबर आहे. माझ्याकडे यावर उत्तर नाही, ठाण्यातल्या केसला किती वर्षं लागतात हे मामाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि रोख चाळीस हजार ही रोज काम करून खाणाऱ्या माणसाला खरी गोष्ट आहे. इंग्लंडचा वेग आणि आपल्याकडची सहीच्या बाबतीतली नरमाई एकत्र मिळाली असती तर मी नाचले असते. पण दावा लावणं वेगळं आणि मिटवणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, १ एप्रिल २०२२ पासून लागू, तिला सुप्रीम कोर्टात आव्हानही आहे, पण आपल्या माणसाने त्या आव्हानाच्या भरवशावर कशाला राहायचं. (इंग्लंडमध्ये तीन वर्षं मिळतात.) दावा वेळेत लावा, मिटवायचं मात्र डॉक्टरने गुडघा आता आहे तो असाच राहणार असं लिहून दिल्यावर.

आणि त्या गृहस्थांचे पैसे नाकारा असं मी म्हणतच नाहीये. साधी पावती द्या, की स्कूटर दुरुस्ती आणि आजपर्यंतच्या हॉस्पिटल खर्चापोटी इतके रुपये मिळाले, बास. भविष्यात कोणत्याही कारणाने हे शब्द काढा. ते नाही म्हणाले तर समजेल की पैसे कशाचे होते.

मी त्यांच्याशी फोनवर बोललेही, भावानेच लावून दिला. त्यांची भीती एवढीच की क्लेम झाला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाईल आणि प्रीमियम वाढेल, असं त्यांच्या एजंटने सांगितलंय. मी म्हटलं काका, तो बोनस तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो, तुम्ही स्वतःचा बंपर क्लेम केलात तर जाईल, दुसऱ्याच्या दुखापतीचा थर्ड पार्टी क्लेम झाला तर त्याचा काही संबंध नाही, आणि माणसाच्या दुखापतीला थर्ड पार्टी पॉलिसीत रकमेची मर्यादाच नसते, तुम्ही दरवर्षी ज्याचे पैसे भरता तेच खिशातून कशाला देताय. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एजंट उद्या घरी येणार आहे, तुम्ही जरा व्हिडिओ कॉलवर याल का. येते म्हटलं, फक्त माझ्या दुपारी ठेवा.